आधी तास मागा, स्टुडिओ नंतर

पत्र :

“मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. नव्या अभ्यासक्रमांसाठी समिती नेमली गेली आणि समन्वयकपद माझ्या गळ्यात पडलं. संस्थेच्या बैठकीत आधीच ठरलंय की पुढच्या शैक्षणिक वर्षापासून पाच नवे अभ्यासक्रम सुरू करायचे, त्यातले तीन पूर्ण ऑनलाइन. यादीही तयारच मिळाली : डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर सुरक्षा, डिजिटल मार्केटिंग आणि फिनटेक. रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी पैसे मंजूर झालेत. शिकवायला माणसं मात्र आहेत तीच. एक कंपनी म्हणते, फीमधला निम्मा वाटा द्या, बाकी सगळं आम्ही बघतो. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ऑनलाइन शिक्षण काय असतं ते कोविडच्या काळात बघून झालं, पुन्हा ती थट्टा नको. भूगोल आणि तत्त्वज्ञान या विभागांचे प्रवेश इतके घटलेत की तिथल्या लोकांना वाटतं, हे सगळं आपल्याला घरी बसवण्यासाठीच चाललंय. मला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि ‘हो’ म्हणून पाच अभ्यासक्रम उभे कसे करायचे तेही कळत नाही. सुरुवात कुठून करू?”
— एक समन्वयक

मॅडम, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : शिकवायला माणसं आहेत तीच. सुरुवात तिथूनच करा. अभ्यासक्रमांची नावं, स्टुडिओ, कंपनी, सगळं त्यानंतर.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचा खर्च कॅमेऱ्यात असतो असा संस्थाचालकांचा समज असतो, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. कॅमेरा दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं, माहितीपत्रकात फोटो छापता येतो. खरा खर्च शिक्षकाच्या वेळेचा असतो आणि तो कुठेच दिसत नाही. एकदा हिशेब मांडून बघा. एका विषयाला साठ विद्यार्थी धरा. आठवड्याला एक छोटा स्वाध्याय, आणि प्रत्येकाचा वाचून दोनच ओळींचा पण नेमका अभिप्राय द्यायला दहा मिनिटं. झाले सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. त्यावर आठवड्यातून एक थेट वर्ग, चर्चेच्या पानावर पडलेल्या प्रश्नांना उत्तरं, आणि दोन आठवडे ज्यांचा पत्ताच नाही त्यांना फोन. पंधरा तासांच्या खाली हे बसत नाही. कार्यभाराच्या तक्त्यात मात्र त्या विषयापुढे ‘चार तासिका’ लिहिलेलं असतं.

मधले अकरा तास कुठून येतात? येतच नाहीत. आधी अभिप्राय आटतो, ‘छान’ आणि ‘सुधारणा हवी’ एवढेच शेरे उरतात. मग विद्यार्थी स्वाध्याय देणं थांबवतात, कारण वाचणारं कोणी नाही हे त्यांना आपल्याआधी कळतं. सत्र संपलं की सगळे मिळून म्हणतात, मुलांना गांभीर्यच नाही. कुठलाही नवा अभ्यासक्रम कागदावर आणण्याआधी हा तक्ता करा : कोण शिकवणार, आठवड्याला खरोखर किती तास लागणार, आणि त्यासाठी त्या माणसाचं सध्याचं कोणतं काम काढून घेणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अभ्यासक्रमही तिथेच राहू द्या.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या बरोबर अर्ध्याचा तुम्हाला फार उपयोग आहे.

कोविडमध्ये जे झालं ते ऑनलाइन शिक्षण नव्हतं हे सांगणारा एक लेख २०२० च्या मार्चमध्येच, म्हणजे टाळेबंदी ऐन सुरू होताना, चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला होता. रातोरात वर्ग पडद्यावर हलवणं ही आणीबाणीतली सोय आहे, तिला ऑनलाइन शिक्षण म्हणून जोखू नका, असा त्यांचा मुद्दा. त्याच लेखात त्यांनी म्हटलंय की पूर्ण ऑनलाइन असा एक विषय नीट तयार व्हायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. एक विषय, अख्खा अभ्यासक्रम नव्हे. तुमच्या तीन ऑनलाइन अभ्यासक्रमांत मिळून पहिल्या सत्राचेच किती विषय होतात ते मोजा आणि तो आकडा बैठकीत नुसता वाचून दाखवा. भाष्य करायची गरज पडणार नाही.

सहकाऱ्यांची दुसरी शंका जास्त गंभीर आहे : कच्ची मुलं ऑनलाइनमध्ये मागे पडतात. हे खरं आहे आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांत चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या जवळपास पाच लाख विषयांची माहिती डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी तपासली. २०१४ साली ती छापून आली. ऑनलाइन विषयांत सगळ्याच गटांची कामगिरी थोडीफार घसरली, पण जास्त घसरली ती मुलग्यांची, वयाने लहान असलेल्यांची, कृष्णवर्णीयांची आणि आधीचे गुण कमी असलेल्यांची. म्हणजे जो आधीच लंगडत होता त्याची काठी काढून घेतल्यासारखं झालं.

तुमच्याच विषयातलं एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने २०१३ च्या सुरुवातीला युडॅसिटी या कंपनीबरोबर तीन विषय ऑनलाइन चालवले. दोन गणिताचे आणि तिसरा प्राथमिक संख्याशास्त्राचा. गाजावाजा भरपूर झाला होता. उत्तीर्णांचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा बरंच खाली आलं आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. युडॅसिटीच्या मागे होते सेबॅस्टियन थ्रन, ज्यांनी पीटर नॉर्विग यांच्यासोबत २०११ साली स्टॅनफर्डमधून कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोफत वर्ग जगाला खुला केला आणि सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावं नोंदवली. नाव नोंदवणं आणि पुरं करणं यांतली दरी तेव्हापासून बुजलेली नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा खुल्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची माहिती २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये शंभरातल्या जेमतेम तीन जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांतही निम्मे शेवटपर्यंत पोचले नाहीत.

मग कुठे जमलं? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली, १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी शिकू लागले. लोकांच्या लक्षात राहिली ती बीबीसीवर अवेळी लागणारी व्याख्यानं. विद्यार्थ्यांना धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टींनी : प्रत्येकाला नेमून दिलेला मार्गदर्शक, टपालाने जाणारे आणि तपासून, लिहून परत येणारे स्वाध्याय, जवळच्या केंद्रावरच्या बैठका, उन्हाळी निवासी वर्ग. दूरचित्रवाणी त्या व्यवस्थेचा दिसणारा भाग होता, तुमच्या स्टुडिओसारखा.

अलीकडचं उदाहरण जॉर्जिया टेकच्या संगणकशास्त्रातल्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीचं. ती २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि आज तिथे हजारो विद्यार्थी आहेत. अर्थतज्ज्ञांनी अर्जदारांची माहिती तपासली तेव्हा दिसलं की वर्गात बसून करायच्या त्याच पदवीचा नेहमीचा अर्जदार २४ वर्षांचा, नुकता पदवीधर झालेला आणि बहुधा भारतातला. ऑनलाइनचा अर्जदार ३४ वर्षांचा, नोकरी करणारा अमेरिकी. दोन्हीकडे अर्ज करणारे जवळजवळ नव्हतेच. ऑनलाइन पदवीने वर्गातले विद्यार्थी पळवले नाहीत, जो एरवी शिकलाच नसता असा माणूस आणला. आणि हा माणूस आधीच एकदा पदवीपर्यंत शिकलेला होता, अभ्यास कसा करायचा हे त्याला ठाऊक होतं.

यातून तुमच्यापुरता प्रश्न असा निघतो : तुमचा ऑनलाइन विद्यार्थी कोण? शाळेतून नुकता बाहेर पडलेला अठरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला पूर्ण ऑनलाइनमध्ये ढकलू नका. त्याला इमारत लागते, मित्र लागतात, उशीर झाला म्हणून ओरडणारं कोणीतरी लागतं. नोकरी, घर, लहान मूल सांभाळून रात्री दहाला पुस्तक उघडणारी बाई असेल, तर तिच्यासाठी ऑनलाइन हाच एक दरवाजा असू शकतो. पण तिच्या वेळेचा हिशेब आधी करा. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. सहा श्रेयांकांचा विषय पंधरा आठवड्यांत संपवायचा तर आठवड्याला दहा ते बारा तास झाले. तिच्याकडे सहा असतील. तर विषय तीस आठवड्यांचा करा किंवा निम्मा करा. ‘लवचिक शिक्षण’ असं माहितीपत्रकात छापून वेळापत्रक जुनंच ठेवायचं, हा प्रकार फार दिसतो आणि गळतीची निम्मी कारणं त्यातच असतात असं माझं मत आहे.

विद्यार्थी कोण हे शोधायला ऑनलाइन फॉर्म फिरवू नका. ‘तुम्हाला डेटा सायन्स शिकायला आवडेल का?’ याला लोक हो म्हणतात, म्हणायला काही पडत नाही. त्याऐवजी प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाजवळ एक दुपार बसा. लोक काय विचारतात आणि ‘नाही’ ऐकून परत जातात ते त्यांना तोंडपाठ असतं. संध्याकाळचे वर्ग आहेत का? मधे चार वर्षं गेली, आता पुढे शिकता येईल का? पूर्ण पदवी नको, हा एकच विषय घेता येतो का? मागच्या कॉलेजातले गुण धरता का? यातला एकही प्रश्न अभ्यासक्रमाच्या नावाचा नाही हे बघा. लोकांना बऱ्याचदा नवा विषय नको असतो, आहे तोच विषय त्यांच्या वेळेत आणि त्यांच्या वेगाने हवा असतो. तुमच्या यादीत असा एकही अभ्यासक्रम नाही.

माजी विद्यार्थ्यांना विचारायचं ते एवढंच : कामाला लागल्यावर पहिल्या वर्षात काय नव्याने शिकावं लागलं? नोकरी देणाऱ्यांना ‘अशी मुलं हवीत का’ असं विचारू नका. मागच्या भरतीत कोणाला नाकारलंत आणि कशावरून, ते विचारा.

यादीतल्या पाच नावांबद्दल थोडक्यात. ती वाईट नाहीत. पण सायबर सुरक्षा शिकवू शकणारा माणूस तुमच्याकडे एकच असेल किंवा बाहेरून येणार असेल, तर तो गेला की अभ्यासक्रमही गेला आणि मधल्या वर्गातली मुलं लटकली. प्रत्येक मुख्य विषय शिकवू शकणारी निदान दोन माणसं असल्याशिवाय अभ्यासक्रम सुरू करू नये, असं मला ठामपणे वाटतं. या कसोटीवर पाचांतले किती टिकतात ते तुम्हीच बघा.

आणि ज्यांना घरी बसवलं जाईल असं वाटतंय ते भूगोलवाले? मला तर तुमचा पहिला अभ्यासक्रम तिथेच दिसतोय. तुम्ही संख्याशास्त्राच्या, बाजूला नकाशा जाणणारी माणसं, आणि क्यूजीआयएससारखं नकाशे करण्याचं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘माहिती आणि नकाशा’ असा सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. नगररचना, आरोग्य, शेती, वाहतूक अशा खात्यांत कामाला असलेल्यांना तो उपयोगी पडेल. तत्त्वज्ञान विभागाने त्यात एक भाग घ्यावा : माणसांची माहिती गोळा करताना परवानगी म्हणजे काय, नकाशावर ठिपका ठेवल्याने कोणाचं घर उघडं पडतं, सरासरीवरून एका माणसाबद्दल काय म्हणता येतं आणि काय नाही. डेटा सायन्स याहून वेगळं काय असतं? पण इथे शिकवणारे तुमच्या घरात आहेत.

अभ्यासक्रम लिहायला बसाल तेव्हा घटकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. ऑस्ट्रेलियाच्या जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेली एक साधी शिस्त आहे : विद्यार्थ्याला शेवटी काय करता यायला हवं ते आधी लिहायचं, ते आलं की नाही हे कशावरून कळेल ते मग, आणि शिकवायचं काय ते त्याच्यानंतर. तिन्ही एकाच ओळीत यायला हवं. आपल्याकडच्या अभ्यास मंडळांत पहिलं वाक्य असतं, ‘विद्यार्थ्यांना सांख्यिकीय संकल्पनांचा परिचय करून देणे’. हे शिक्षकाचं काम झालं. विद्यार्थ्याचं काम असं लिहा : ‘अपुऱ्या नोंदींचा तक्ता हातात आल्यावर कोणत्या जागा रिकाम्या आहेत आणि त्या का रिकाम्या असाव्यात, यावर विद्यार्थी दोन पानी टिपण लिहील.’ असं एक वाक्य लिहिलं की परीक्षा कशी घ्यायची ते त्यातच येतं, आणि निम्मी व्याख्यानं अनावश्यक आहेत हेही दिसू लागतं.

पहिला आठवडा कसा असेल ते एका उदाहरणाने सांगतो. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या आसपासचे मृत्यू घरागणिक नकाशावर मांडले आणि ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगत असाल. ऑनलाइन वर्गात सांगू नका. विद्यार्थ्याला गल्ल्यांचा कोरा नकाशा आणि मृत्यूंचा तक्ता द्या, पंपांच्या जागा दाखवू नका. ठिपके मांडायला लावा आणि एक प्रश्न विचारा : तुम्ही तिथे असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाऊन काय विचारलं असतं? उत्तरं सगळ्यांना दिसू देत. मग पंप दाखवा. त्यानंतर पाच मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात तुम्ही त्यांच्याच उत्तरांतली दोन-तीन घेऊन बोलता. आणि शेवटी त्या पंपाजवळच्या दारूभट्टीतल्या कामगारांना आजार का झाला नाही हा प्रश्न पुढच्या आठवड्यासाठी सोडून द्या. (ते पंपाचं पाणी पीत नव्हते. पण हे त्यांना शोधू द्या.) या आठवड्यात तुमचं बोलणं दहा मिनिटांचंही नाही, वाचन आणि अभिप्राय मात्र तासन् तासांचा आहे. पुन्हा तेच तास.

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर स्टुडिओचंही बोलून घेऊ. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेले त्याचा अभ्यास केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी त्याला मिळणारा वेळ मध्यकाने सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तुम्ही संख्याशास्त्राच्या, मध्यक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि तुमच्या बैठकीसाठी सोयीची गोष्ट पुढे आहे : स्टुडिओत झकपक चित्रित केलेल्या व्याख्यानांपेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून जवळून बोलतोय असे साधे व्हिडिओ जास्त पाहिले जात होते. हाताने लिहीत समजावणं हे नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा बरं ठरलं. स्टुडिओच्या रकमेतून चांगले मायक्रोफोन घ्या, लिहिता येणारे दोन टॅब्लेट घ्या, प्रत्येक व्हिडिओखाली उपशीर्षकं आणि पूर्ण मजकूर जाईल याची व्यवस्था करा. ज्याचं नेट मधेच जातं त्याला मजकूर लागतो, ज्याला ऐकू येत नाही त्याला तर लागतोच. उरलेले पैसे साहाय्यक शिक्षकांच्या तासांकडे वळवा.

मूल्यमापनाचं एक वाक्यात सांगून पुढे जाता येणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहून आणायचा निबंध हा विद्यार्थ्याच्या समजुतीचा पुरावा राहिला नाही. यंत्राने लिहिलेलं पकडायची सॉफ्टवेअरं विकणारे लगेच तुमच्या दारात येतील. त्यांच्या भरवशावर कोणाला नापास करू नका, ती निरपराध माणसालाही दोषी ठरवतात. कॅमेऱ्यातून डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या परीक्षाही मला पसंत नाहीत. एका खोलीत चार जण राहणाऱ्या घरातल्या मुलाला त्या आधीच संशयित करतात. सोपा उपाय जुना आहे : तोंडी परीक्षा. विद्यार्थ्याने दिलेला नकाशा समोर ठेवायचा आणि विचारायचं, हा रंग का निवडलास? ही वस्ती वगळलीस ती का? दहा मिनिटांत कळतं. साठ विद्यार्थ्यांचे पुन्हा दहा तास होतात हे तुमच्या लक्षात आलं असेलच, म्हणून पहिली तुकडी पंचवीसची ठेवा. अधूनमधून छोट्या, गुण नसलेल्या चाचण्याही द्या. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला आठवून बघणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. या चाचण्या यंत्राने तपासू द्या. तिथे यंत्र कामाचं आहे.

कंपनीबद्दल. निम्मा वाटा हा या धंद्यात सर्रास मागितला जातो आणि करार बरीच वर्षं बांधून ठेवणारे असतात. ज्याला प्रत्येक प्रवेशामागे वाटा मिळतो तो प्रवेश वाढवणार, विद्यार्थी पात्र आहे की नाही हे बघणं त्याच्या फायद्याचं नाही. एडएक्स २०२१ मध्ये विकत घेणारी टू-यू ही या क्षेत्रातली बलाढ्य कंपनी, तिनेही २०२४ च्या जुलैत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. मोठं नाव म्हणजे हमी नाही, एवढंच. सहकार्य घ्यायचंच असेल तर ठराविक कामासाठी ठराविक पैसे द्या : सर्व्हर सांभाळणं, मदतकेंद्र चालवणं. विद्यार्थ्यांशी प्रवेशाचं बोलणं, शिकवणं आणि गुण देणं या तीन गोष्टी बाहेर जाऊ देऊ नका. साहित्य कोणाच्या मालकीचं, करार संपल्यावर विद्यार्थ्यांची माहिती कोणाकडे, हे वकिलाकडून वाचून घ्या.

रेकॉर्डिंगच्या मालकीचा प्रश्न तुमच्या सहकाऱ्यांच्याही मनात आहे, ते बोलत नसले तरी. आज माझं व्याख्यान टिपून घेतील आणि उद्या मला काढून तेच लावतील, ही भीती खुळी नाही. शिक्षकाच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग पुन्हा वापरलं जाणार नाही आणि त्याच्यामुळे कोणाचं पद कमी होणार नाही, असं लेखी घ्या. मग बघा, विरोधाचा सूर किती बदलतो. जे ज्येष्ठ सर ‘थट्टा’ म्हणाले, त्यांना ऑनलाइन शिकवायला लावू नका. पहिल्या आठवड्याचा आराखडा त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, सर, यात विद्यार्थी कुठे गळेल ते दाखवा. त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कोणी दाखवणार नाही.

मंजुरीचं काम कंटाळवाणं आहे पण चुकवू नका. विद्यापरिषद आणि तुमची नियामक संस्था यांच्याकडून पूर्ण ऑनलाइनला लेखी मान्यता हातात येईपर्यंत जाहिरात देऊ नका, ‘मान्यता अपेक्षित’ असं लिहूनही नाही. आणि सुरू करतानाच बंद कसं करायचं ते ठरवा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिला स्वाध्याय किती जणांनी दिला, पहिल्या सत्रानंतर किती जण परत आले, हे दोन आकडे पाहा. किती खाली गेले तर थांबायचं ते प्रवेश सुरू होण्याआधी लिहून ठेवा, कारण नंतर प्रत्येकाला ‘आणखी एक वर्ष बघू’ असंच वाटतं. थांबलो तरी घेतलेल्या विद्यार्थ्यांना पूर्ण करून देऊ, हे प्रवेशपत्रिकेवर छापा.

आता बैठकीत हे न्यायचं कसं. तुम्हाला ‘नाही’ म्हणायचं नाहीच. बैठकीआधी प्राचार्यांना एकट्यांना भेटा आणि सांगा : सर, पाचही अभ्यासक्रम समितीने विचारात घेतलेत, पहिल्याची, म्हणजे डेटा सायन्सची, ‘माहिती आणि नकाशा’ या रूपात पूर्ण तयारी करून आणलीय, बाकी चारांना शिकवणारे कोण याची माहिती मागवतोय. ‘शेजारच्या कॉलेजने तर पाच सुरू केले’ असं कोणीतरी म्हणेलच. त्यांना त्या पाचांतल्या दुसऱ्या वर्षाची पटसंख्या विचारा, अगदी सहज, माहिती हवी म्हणून.

ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. तो असा असू शकतो : ‘माहिती आणि नकाशा या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची पंचवीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आवश्यक मान्यता मिळाल्यावर सुरू करावी. त्यातील तीन शिक्षकांचा कार्यभार प्रत्येकी आठवड्याला सहा तासिकांनी कमी करावा आणि त्या तासिकांची पर्यायी व्यवस्था प्रवेश सुरू होण्यापूर्वी करावी. स्टुडिओसाठी मंजूर रकमेचा विनियोग समितीने सुचवल्याप्रमाणे करावा. उर्वरित चार अभ्यासक्रमांचा विचार पहिल्या तुकडीच्या अहवालानंतर करावा.’

यातलं दुसरं वाक्य कोणीतरी ‘ते नंतर बघू’ म्हणत गाळायला सांगेल. तुकडी पंचवीसची चाळीस करायची असेल तर करा, नाव बदलायचं तर बदला, त्यांना स्टुडिओ हवाच असेल तर छोटा होऊ द्या. दुसरं वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं आलंय ना, ते मात्र सही करण्याआधी स्वतः वाचा.